स्वेटर विकणाऱ्या तिबेटी महिलांना इंग्रजी अक्षरओळख : आरंभ कुठून करावा?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुमारास मुंडगोडच्या वसाहतीतून काही तिबेटी कुटुंबे आमच्या भागात स्वेटर विकायला येतात आणि थंडी सरेपर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या साठीच्या आसपासच्या पाच जणींनी इंग्रजी लिहा-वाचायला शिकवा अशी गळ मला घातली आहे. त्या हिंदी आणि कन्नड बोलतात, गिऱ्हाईक मराठी असले तर घासाघीसही मराठीतून करतात. पण बँकेची चिठ्ठी किंवा मोबाईलवरचा संदेश आला की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. मी पहिलीच्या पुस्तकातून ‘ए फॉर ॲपल’ने आरंभ केला. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. दुकानात गर्दी आहे असा निरोप आला, मात्र त्या दिवशी बाजार बंद होता. माझे कुठे चुकले असावे?

उत्तर (हल्याळ)
बाई, सफरचंदाचे चित्र पाहून नातवंडांसमोर अवघडल्यासारखे झाले असेल, दुसरे काही नसावे.

आधी त्यांच्यापैकी कोणाला तिबेटी वाचता येते ते विचारा, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. १९६६ साली मुंडगोडची वसाहत वसली तेव्हा ज्या लहान होत्या, त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला शाळेऐवजी रान साफ करण्याचे आणि मक्याच्या शेतीचे काम आले. पण पोथी वाचण्यापुरती अक्षरे घरी शिकलेल्याही पुष्कळ भेटतात. तिबेटी वर्णमाला आपल्यासारखीच क, ख, ग, ङ अशी चालते; तीस व्यंजने, चार स्वरचिन्हे आणि लेखन डावीकडून उजवीकडे. शिवाय तिथे लिहिणे एक आणि बोलणे दुसरे असते: ‘आठ’ हा शब्द लिहिताना ब, र, ग, य, द ही अक्षरे येतात आणि ल्हासाच्या बोलीत उच्चार ‘ग्ये’च्या जवळ जातो. म्हणून ‘नाइफ’मधल्या मुक्या ‘के’चा जेवढा त्रास आपल्या मुलांना होतो, तेवढा तिबेटी वाचणाऱ्या बाईला होत नाही, हा माझा अनुभव आहे. जिला कोणतीच लिपी येत नाही, तिला मात्र वेगळे बसवा आणि पहिले काही दिवस केवळ पेन्सिल धरण्यात गेले तरी जाऊ द्या.

आणि पुस्तक बाजूला ठेवा. स्वेटरच्या गळ्यामागची पट्टी उलटून दाखवा. ‘एस’, ‘एम’, ‘एल’, ‘एक्स’ ही चार अक्षरे या बायका वर्षानुवर्षे ओळखत आल्या आहेत. ती अक्षरे आहेत एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

उत्तर (निपाणी)
सरांशी मी सहमत आहे, परंतु पट्टीवरची अक्षरे सगळी मोठी असतात आणि मोबाईलवरचा संदेश बहुतांशी लहान अक्षरांत येतो. देवनागरी, कन्नड, तिबेटी यांपैकी कुठल्याच लिपीत अक्षराची अशी दोन रूपे नाहीत, त्यामुळे हा घोटाळा आपण गृहीतच धरत नाही. लहान ‘बी’ आणि लहान ‘डी’ एकाच दिवशी कधीही शिकवू नयेत.

प्रश्नकर्ती (शहापूर)
दोघांचेही आभार. काल पट्ट्या घेऊन बसलो. सर्वांत वयस्कर आजींनी ‘एल’वर बोट ठेवले, मग कमरेच्या कनवटीतून लुधियानाहून आलेल्या मालाची घडी घातलेली बिल्टी काढली आणि तिच्यावर गावाच्या नावातले पहिले अक्षर हेच का, असे विचारले. त्यानंतर पाचही जणी तासभर बिल्टीत ‘एल’ शोधत होत्या. न आलेल्या दोघीही त्यांत होत्या.

आता अडचण निराळी आहे. आज सही शिकवायची होती, तर फॉर्मवर नाव आणि आडनाव असे दोन रकाने, आणि पाचपैकी तिघींना आडनावच नाही. दोघींचे पहिले नाव तर एकच, टेन्झिन. नावाचा दुसरा शब्द आडनावाच्या रकान्यात घालावा का?

उत्तर (हल्याळ)
आपल्या मनाने नाव तोडू नका. त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला त्या ‘आरसी’ म्हणतात त्यावर, इंग्रजीत नाव जसे छापले आहे, तेच अक्षर न् अक्षर गिरवून घ्या. ‘टेन्झिन’ दोन-तीन प्रकारांनी लिहितात. शेजारणीचे पाहून एखादीने ‘झेड’चा ‘एस’ केला, तर पुढे बँक नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत करते. आडनावाच्या रकान्याचे काय करायचे ते मात्र खिडकीवरच्या माणसाला विचारून त्यांच्याच हाताने भरू द्या.