कमानींची छायाचित्रे भिंतीवर लावायची आहेत: चौकट कशी धरावी आणि किती कापावे?

शाहूपुरीकर_ताई

नमस्कार. आमच्या नव्या घराच्या बैठकीत दार आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम १६ इंच रुंदीची, पण छतापर्यंत मोकळी अशी एक भिंत उरली आहे. तेथे मी स्वतः काढलेली कमानींची तीन छायाचित्रे एकाखाली एक लावण्याचा विचार आहे: कोल्हापूरच्या टाउन हॉलचा पोर्च, पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि पंचगंगेवरचा शिवाजी पूल. कॅमेरा जुना, २४ मेगापिक्सेलचा आहे आणि लेन्स त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.चीच आहे.

टाउन हॉलच्या चित्रात खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेले दिसतात. तीन दरवाजाच्या चित्रात कमानीचे टोक वरच्या कडेला जवळजवळ टेकले आहे आणि उजव्या कोपऱ्यात कुणीतरी ठेवलेली पाण्याची बाटली आली आहे. पुलाच्या चित्रात कमानींपेक्षा पाणीच अधिक आहे. पुन्हा जाऊन छायाचित्रे काढण्याची माझी तयारी आहे. प्रिंट, माउंट (फ्रेममध्ये चित्राभोवती बसणारा खिडकी कापलेला पुठ्ठा) आणि फ्रेम धरून एकूण खर्च ४,००० रुपयांच्या आत बसवायचा असून नवीन कोणतेही उपकरण घ्यायचे नाही. चौकट कशी धरावी आणि नंतर किती कापावे, याविषयी मार्गदर्शन करावे.

लेन्सवेडा

ताई, झुकलेल्या खांबांवर खात्रीचा उपाय एकच आहे आणि तो म्हणजे टिल्ट-शिफ्ट लेन्स. मी कॅननची २४ मि.मी.ची घेतली आहे. तिचा पुढचा भाग १२ मि.मी.पर्यंत वर सरकवता येतो, त्यामुळे कॅमेरा वर न वळवता उंच इमारत चौकटीत बसते. न्यू पॅलेसचा मनोरा मी तिच्यावर टिपला आहे आणि त्यात एकही उभी रेषा वाकडी नाही. किंमत लाखाच्या पुढे जाते हे खरे, परंतु एकदा घेतली की आयुष्यभर पाहावे लागत नाही.

जुना_रोलवाला

मुळात छायाचित्र कापण्याची वेळ का यावी, हा प्रश्न आहे. आम्ही फिल्मवर काम करत होतो तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल पुरवून वापरावा लागे, म्हणून बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवण्याची सवय अंगी मुरली होती. कडेला बाटली आहे हे डोळ्याला लावलेल्या खिडकीतच दिसायला हवे. माझे मत स्पष्ट आहे: २:३ची मूळ चौकट तशीच ठेवावी, ८ × १२ इंचांची प्रिंट करावी आणि त्यातून एक सूतही कापू नये.

तांबडा_पांढरा

रोलवाले काका, ताईंची भिंत अरुंद आहे हे तुमच्या वाचण्यातून सुटलेले दिसते. ८ × १२ ही तिथे बसेल, पण तीन एकाखाली एक लावल्यावर भिंत पासपोर्ट फोटोंच्या पानासारखी दिसेल. मी तर मोबाइलवरच काढतो. त्यात पडद्यावर जाळीच्या रेषा येतात, त्यांपैकी मधल्या दोन उभ्या रेषांवर खांब ठेवले की काम झाले. आमच्या भावकीतल्या लग्नपत्रिकेवर भवानी मंडपाची माझीच कमान छापली होती आणि ती मोबाइलचीच होती.

स्थापत्य_निवृत्त

येथे सगळे लेन्स आणि कागदाविषयी लिहीत आहेत, कमानीविषयी कुणीच लिहीत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दगडी कमान उभी राहते ती तिच्या दगडांच्या पाचरीसारख्या घडणीमुळे. वरचा भार प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्याकडे ढकलत जातो आणि अखेरीस तो दोन्ही बाजूंच्या पायांवर उतरतो. हा रेटा नुसता खाली जात नाही, तो बाहेरच्या बाजूलाही असतो, आणि म्हणूनच कमानीच्या दोन्ही अंगांना भिंतीचे पुरेसे वस्तुमान लागते. छायाचित्रात वक्र भाग तेवढा ठेवून पाय कापले, तर कमान हवेत लोंबकळल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला ते खटकते. यास्तव वक्र जेथून सुरू होतो ती जागा, तिच्याखालचा निदान हातभर खांब आणि दोन्ही बाजूंची थोडी भिंत चौकटीत असलीच पाहिजे. टोकावरही मोकळी जागा हवी. ताईंच्या चित्रात टोक कडेला टेकले आहे, तो दोष माझ्या मते बाटलीपेक्षा मोठा आहे, कारण बाटली पुसता येते, आणि जे आभाळ टिपलेच नाही ते नंतर आणता येत नाही.

जुन्या वाड्यांतील खांबांमधल्या पाकळीदार लाकडी महिरपींना मात्र हा नियम लागू नाही. तेथे भार तुळई घेते आणि महिरप केवळ शोभेची असते. ती कोठेही कापा, काही बिघडत नाही.

खिद्रापूर_फाटा

कमानीच हव्या असतील तर खिद्रापूरच्या कोपेश्वराला जावे, असे मी सुचवीन. तेथील स्वर्गमंडपासारखे वर्तुळ दुसरीकडे मिळणार नाही. ४८ खांब आणि मधोमध उघडे आभाळ! मी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवून दहा सेकंदांच्या टायमरवर फोटो काढला. तो चौरसात इतका नेमका बसला, की पाहुण्यांना तो कुठला आहे हे सांगावेच लागते.

स्थापत्य_निवृत्त

स्वर्गमंडप अप्रतिम आहे, परंतु तेथे कमान नाही. खांब, त्यांवर तुळया आणि वर एकेक थर आत सरकवत आणलेली दगडांची वलये अशी ती रचना आहे. आपल्या अंबाबाईच्या मूळ दगडी मंदिराचीही घडण खांब-तुळयांचीच आहे. विचारले आहे कमानींविषयी.

खिद्रापूर_फाटा

डोळ्याला गोल दिसते ते मला पुरेसे आहे. ताईंना भिंत सजवायची आहे, बांधकामाचा दाखला काढायचा नाही.

मंगळवार_पेठ

विषय भरकटण्याआधी माझा अनुभव सांगतो, कारण त्यात नुकसान पैशांचे झाले आहे. आमच्या भागातील एका लॅबमध्ये मी कमानीचा फोटो कडेपर्यंत, म्हणजे पांढरी किनार न ठेवता, छापायला दिला. यंत्राने चारही बाजूंनी थोडे थोडे खाल्ले. त्यानंतर फ्रेमवाल्याने माउंटची खिडकी कापताना आणखी थोडे झाकले. टोकावर मी बोटभर आभाळ ठेवले होते, त्यातले काहीच उरले नाही. विचारणा केल्यावर ‘साहेब, एवढे जातेच’ असे उत्तर मिळाले. तेव्हा प्रिंटला चारही बाजूंनी अर्धा इंच पांढरी किनार ठेवण्यास सांगावे, म्हणजे माउंट त्या किनारीवर बसतो आणि चित्राला हात लागत नाही. माउंटच्या खिडकीचे माप फ्रेमवाल्याला लेखी द्यावे. तोंडी सांगितलेले कुणाच्याही लक्षात राहत नाही.

लेन्सवेडा

किनार वगैरे ठीक आहे, पण खांब मुळातच वाकडे असतील तर किनार ठेवून काय उपयोग? टिल्ट-शिफ्टचा विचार करावा.

कसबा_बावडा_२

टिल्ट-शिफ्ट जे करते, त्याचा बराचसा भाग ताईंच्या आहे त्या लेन्सवर फुकट होतो, म्हणून लिहीत आहे.

खांब झुकलेले दिसतात ते कॅमेरा वर वळवल्यामुळे. कॅमेऱ्यातील संवेदक भिंतीला समांतर राहिला, तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. म्हणून कॅमेरा उभा धरावा, लेन्स १८ मि.मी.वर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य देणाऱ्या टोकाला ठेवावी आणि कॅमेरा वर न वळवता अगदी सरळ समोर रोखावा. पाठीमागच्या पडद्यावर पातळी दाखवणारी खूण असेल तर ती चालू करावी. असे केल्यावर चौकटीचा खालचा भाग नुसत्या फरशीने आणि रस्त्याने भरेल व कमान वरच्या भागात जाईल. चित्र त्या क्षणी अगदी वाईट दिसेल, पण ते तसेच घ्यावे आणि घरी येऊन खालची फरशी कापून टाकावी. उभ्या चौकटीत ४००० × ६००० पिक्सेल आहेत. खालून २००० कापले तरी ४००० × ४००० चा चौरस उरतो आणि १२ × १२ इंचांची प्रिंट इंचाला ३०० पिक्सेल या घनतेने काढायला प्रत्येक बाजूस ३६०० पुरतात. पाण्याची बाटलीही बहुधा त्या कापलेल्या भागातच जाईल.

एवढे करूनही टोक चौकटीत येत नसेल, तर मागे सरकावे. टाउन हॉलला बागेतील झाडांमुळे मागे सरकण्यास मर्यादा आहे. तेथे कॅमेरा थोडासा वर करावा आणि नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ कराव्यात. त्या सरळ करताना चित्राचा वरचा भाग ताणला जातो आणि कडांचे तिरके तुकडे गळून पडतात, म्हणून काढतानाच दोन्ही बाजूंना सैल जागा ठेवणे आवश्यक आहे. पूर्ण सरळ करण्याचा हट्टही धरू नये. उंच इमारत किंचित निमुळती दिसणे डोळ्याला सवयीचे असते, अगदी शंभर टक्के सरळ केलेली इमारत वरच्या बाजूला फुगल्यासारखी वाटते.

तांबडा_पांढरा

म्हणजे कॅमेरा सरळ धरावा, एवढेच ना? मी जाळीच्या रेषांविषयी वर तेच लिहिले होते.

जुना_रोलवाला

खालचे २००० पिक्सेल फेकून देण्यासाठी २४ मेगापिक्सेलचे पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. मी त्याऐवजी मधोमध उभे राहण्यावर लक्ष देईन. टाउन हॉल हे १८७२ ते १८७६ या काळातले गॉथिक धर्तीचे काम आहे आणि पोर्चच्या टोकदार कमानी समोरासमोरच्या आहेत. मधल्या रेषेपासून वीतभर जरी बाजूला उभे राहिलात, तरी एका खांबाची आतली बाजू जास्त दिसते आणि दुसऱ्याची कमी. समरूपता साधायची तर नेमकी साधावी, नाहीतर धीटपणे बाजूला जाऊन तिरपा कोन घ्यावा. मधलेअधले चित्र फसलेले दिसते आणि कापून ते सुधारत नाही.

कसबा_बावडा_२

या मुद्द्यावर काकांशी पूर्ण सहमत आहे. एका कमानीतून मागची कमान दिसत असेल, तेथे शक्य तितके मागे जाऊन ५५ मि.मी.वर काढावे, ही एक भर त्यात घालतो. जवळ जाऊन १८ वर काढल्यास पुढची कमान राक्षसी होते आणि मागची उंदराच्या बिळाएवढी उरते. लांबून काढले की दोघींच्या आकारांतील फरक कमी होतो.

नदीकाठचा_एक

पुलाविषयी कुणीच बोलले नाही. शिवाजी पुलाचे चित्र पावसाळ्यात काढू नये. पाणी गढूळ आणि धावते असते, प्रतिबिंब पडत नाही आणि ताई म्हणतात तसे नुसते पाणीच दिसते. दिवाळीनंतर, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर घाटाकडून पाहावे. कमान आणि तिचे प्रतिबिंब मिळून एकच आकार तयार होतो आणि मग ते पाणी कापण्याची गरज राहत नाही. क्षितिज मधोमध नसावे असे जे पढवले जाते, ते येथे खुशाल विसरावे. पाण्याची रेषा बरोबर मध्यावर ठेवावी. पूल सगळा घेण्याचा मोह मात्र टाळावा. दोन पूर्ण कमानी आणि त्यांच्यामधला खांब एवढे पुरे.

मंगळवार_पेठ

आणि प्रिंटला पांढरी किनार ठेवावी, हे पुन्हा सांगतो.

पन्हाळा_पायी

तीन दरवाजा गडाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे त्याच्या बाहेरच्या अंगावर दुपारनंतरचे तिरपे ऊन येते. दुपारी बारा वाजता काढलेल्या चित्रात दगडावरचे कोरीवकाम सपाट होते, तेच संध्याकाळच्या उन्हात उठून येते. आत उभे राहून बाहेर पाहत असाल, तर बाहेरचा उजेड प्रमाण मानून प्रकाश ठरवावा आणि चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये घ्यावे. आतला काळोख नंतर थोडा उजळता येतो, जळलेले आभाळ परत येत नाही. रविवारी जाऊ नये. कमानीखाली सेल्फी काढणारा एक गट निघून जाईपर्यंत दुसरा येतो.

शाहूपुरीकर_ताई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात पन्हाळ्याला आणि टाउन हॉलला पुन्हा जाऊन आले. कॅमेरा सरळ धरून खालची फरशी वाया घालवण्याची युक्ती उत्तम चालली आणि खांब सरळ आले. संध्याकाळच्या उन्हाचाही फायदा झाला. पूल सध्या बाजूला ठेवला आहे, तो दिवाळीनंतर पाहीन.

कापण्याच्या बाबतीत मात्र मी वेगळा निर्णय घेतला आहे. पूर्ण कमान, दोन्ही पाय आणि भोवतालची भिंत घेतलेला चौरस मी भिंतीच्या मापाच्या कागदावर छापून चिकटवून पाहिला. आमच्या बैठकीत ती भिंत समोरून कुणी पाहतच नाही, सोफ्यावरून ती बाजूने दिसते आणि तेथून चौरस चिमटल्यासारखा वाटतो. म्हणून ४००० पैकी फक्त ३००० पिक्सेल रुंदी ठेवून ३००० × ६००० ची उभी पट्टी कापली आहे, म्हणजे १० × २० इंच. त्यासाठी कमानीची केवळ उजवी बाजू ठेवली: खांब, त्यावरून सुटणारा वक्र आणि टोकाच्या थोडे अलीकडे चौकट संपते. खालची फरशीही त्यात राहू दिली आहे, कारण तिच्यावर कमानीची सावली पडलेली आहे. दगडांचे सांधे त्यात एकेक मोजता येतात. तीनऐवजी दोनच चित्रे लावणार आहे, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो.

स्थापत्य_निवृत्त

ताई, क्षमा करा, पण एका पायावर कमान उभी राहत नाही. रेटा झेलायला समोरची बाजू लागते. निदान टोक तरी पूर्ण घ्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

शाहूपुरीकर_ताई

काका, दुसरी बाजू पन्हाळ्यावर सुखरूप उभी आहे. प्रिंटची ऑर्डर काल दिली, आणि हो, अर्धा इंच पांढरी किनार लेखी सांगितली आहे.

लेन्सवेडा

पुलासाठी तरी टिल्ट-शिफ्ट भाड्याने मिळते का, ते पाहावे.