मदत हवी आहे - फोंटानाचे दोन एपिसोड, नाव दुसऱ्याचंच (अर्जंट!!)

निशिगंध: उद्या सकाळी वाचनकट्ट्यावर बोलायचंय आणि मी अडकलेय. तिसऱ्या सीझनमधले दोन तिचे आहेत असं सगळे म्हणतात, म्हणून आत्ता बसून बघितले, नावं पॉज करकरून वाचली तर ती नाहीच, कुणी मायकेल रिचर्ड्स आहे. हा कोण? प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा: कुठली मालिका? कोण फोंटाना?

निशिगंध: सॉरी, स्टार ट्रेक, ती अमेरिकन अंतराळयानाची मालिका. डी. सी. फोंटाना, लेखिका.

जुनाटीव्ही: रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं, आंघोळ न करता बसायचो आम्ही! १९७३ च्या अ‍ॅनिमेटेडमधला तिचा 'येस्टरइयर' बघा, यानावरच्या अर्ध्या परग्रहवासी स्पॉकचं लहानपण आहे.

निशिगंध: काका, अ‍ॅनिमेटेडला तिसरा सीझनच नाही, मी मूळ मालिकेचं विचारतेय.

बिनधास्त_७: मायकेल रिचर्ड्स म्हणजे साइनफेल्ड या विनोदी मालिकेत क्रेमर झालेला नट. आधी लिहीत असणार.

अनुस्वार: काहीही काय! क्रेमरवाला १९४९ चा, हे एपिसोड १९६९ च्या जानेवारी-फेब्रुवारीतले, तेव्हा तो १९ चा होता. निशिगंध, मायकेल रिचर्ड्स म्हणजे फोंटानाच, तिचं टोपणनाव. 'द वे टू ईडन'ची तिची मूळ कथा 'जोआना', यानावरच्या डॉ. मकॉयच्या मुलीची. बदलता बदलता मुलगीच गेली आणि हिप्पी आले, मग तिने स्वतःचं नाव काढायला लावलं. दुसरा 'दॅट विच सर्व्हाइव्ज'.

बिनधास्त_७: बाई होती म्हणून पुरुषाचं नाव घेतलं, सरळ आहे.

अनुस्वार: त्यासाठी 'डी. सी.' होतं, डोरोथी वाचून कुणी स्क्रिप्ट बाजूला ठेवू नये म्हणून. आणि ती मालिकेचा जनक रॉडनबेरी याची सेक्रेटरी होती हे सांगाच. 'दिस साइड ऑफ पॅराडाइज' दुसऱ्याचं स्क्रिप्ट, प्रेमकथा यान चालवणाऱ्या सुलूची होती, तिने ती स्पॉकला दिली आणि त्यावर स्टोरी एडिटर झाली. तिशीसुद्धा गाठली नव्हती हो!

पटकथावाली: मी डेली सोप लिहिते. रात्री अकराला सीन पाठवला, सकाळी सेटवर आजीची सगळी वाक्यं सुनेच्या तोंडी, आणि नाव माझंच. इतकं लागलं होतं मला. लिहिणाऱ्यांनो, नाव काढून घ्यायचा हक्क करारात आधीच लिहून घ्या.

कोकणकडा: करार कोणी विचारलाय इथे?

निशिगंध: असू दे, मला हेच हवं होतं. जोआनापासूनच सुरुवात करते. अनुस्वार, खूप आभार, दोन तास शोधत होते.

जुनाटीव्ही: वाचनकट्टा कुठल्या गावात, किती वाजता? यायचंय मला.