बी विंगची गच्ची: दुर्बीण, फ्लडलाइट आणि वॉटरप्रूफिंग

रविवार, १८ जानेवारी २०२६

सौ. केळकर, ए-५०३ (सकाळी ७:४२)
सर्वांना नमस्कार. संक्रांत होऊन चारच दिवस झाले आहेत, म्हणून गोड बोलूनच लिहिते. काल संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास बी विंगच्या गच्चीवरून एक भली मोठी नळी थेट आमच्या बाजूला रोखलेली होती आणि तिच्यामागे दोन पुरुष व चार-पाच मुले वाकून पाहत होती. आमच्या सासूबाई त्या वेळी खिडकीशी जप करत बसल्या होत्या. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत, तेही अमावास्येच्या तोंडावर, गच्चीवर बोलणे चालू होते. हे कोणाचे उद्योग आहेत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नाव घेत नाही. समितीने खुलासा करावा.

श्री. बापट, ए-२०१ (सकाळी ७:५०)
केळकर वहिनींचा मुद्दा रास्त आहेच, परंतु मूळ प्रश्न वॉटरप्रूफिंगचा आहे. गेल्या मे महिन्यात आपण दोन्ही गच्च्यांचे काम करून घेतले, त्या वेळी ठेकेदाराने लेखी कळवले आहे की टोकदार वस्तूने पृष्ठभाग दुखावल्यास हमी लागू राहणार नाही. दुर्बिणीच्या तिपाईला तीन पाय असतात, हे कृपया लक्षात घ्यावे.

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी ८:१५)
नाव घेतले नसले तरी दुर्बीण माझी आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. वहिनी, नळी तुमच्या विंगच्या दिशेला होती हे खरे आहे. मोठ्या दुर्बिणीवर फाइंडर नावाची एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. ती मोठीशी जुळवून घेतल्याशिवाय रात्री आकाशातील काहीच सापडत नाही आणि ही जुळवणी उजेड असताना लांबच्या स्थिर वस्तूवर करावी लागते. काल आम्ही त्यासाठी तुमच्या विंगच्या पलीकडचा मोबाइल टॉवर धरला होता. खालून ते कसे दिसेल याचा विचार मी करायला हवा होता. तो केला नाही, याबद्दल आईंची आणि तुमची क्षमा मागतो. यापुढे जुळवणी सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्यावर केली जाईल. तो पूर्णपणे उलट्या दिशेला आहे. रात्री मात्र आम्ही गुरू पाहत होतो आणि तो बाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर होता, म्हणजे त्या वेळी नळी उभी होती.

ओंकार, बी-७०२ (सकाळी ८:२१)
काकू, मीही तिथे होतो. एक हिशोब सांगतो. या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. दोन विंगांमधले अंतर ४० मीटर धरले, तर समोरची खिडकी स्पष्ट दिसण्यासाठी आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, तारे पाहतानाच्या जागेपासून सुमारे ३७ मिलिमीटर बाहेर काढावा लागतो. आयपीस पुढेमागे सरकवणाऱ्या आमच्या फोकसरला बाहेरच्या बाजूस तेवढी जागाच नाही. शिवाय या प्रकारच्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, त्यामुळे आजी दिसल्याच असत्या तर शीर्षासन करताना दिसल्या असत्या.

सौ. केळकर, ए-५०३ (सकाळी ८:२४)
ओंकार, आजीवर विनोद नकोत.

ओंकार, बी-७०२ (सकाळी ८:२४)
क्षमस्व, काकू.

श्री. बापट, ए-२०१ (सकाळी ८:३०)
हिशोब उत्तम आहे. तिपाईचे तीन पाय मात्र शिल्लक राहतात.

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी ८:४१)
बापट साहेब, आमच्या दुर्बिणीला तिपाई नाही. ती डॉबसोनियन पद्धतीची आहे. सपाट लाकडी बैठकीवर खोके फिरते आणि खोक्यात नळी वरखाली होते. ही रचना लोकप्रिय करणारे जॉन डॉबसन सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त सोसायटीच्या मठात साधू होते. पैसे नसल्यामुळे ते भंगारातल्या काचा घासून आरसे बनवत आणि रस्त्यावरच्या लोकांना बोलावून चंद्र दाखवत. या नादापायी त्यांना १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. सोसायटी सोडण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

सौ. शिंदे, बी-१०४ (सकाळी ८:५५)
पाटील भाऊजी, तुमचे साधू मोठे होते याबद्दल वाद नाही, पण गच्चीवरचा फ्लडलाइट काल रात्री कोणी बंद केला? सौर बंबाच्या नळ्या फुटल्यानंतर सर्वानुमते तो दिवा बसवला होता. येत्या रविवारी, २५ तारखेला, रथसप्तमीचे हळदीकुंकू गच्चीवर आहे आणि साठ बायका येणार आहेत. त्या दिवशी कोणी दिव्याला हात लावलेला चालणार नाही.

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी ९:०४)
दिवा मी बंद केला आणि रात्री बारा वाजता परत लावला. त्याविषयी मी समितीला सहा पत्रे दिली आहेत आणि एकाचेही उत्तर आलेले नाही. अंधारात डोळा चांगला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या झगझगीत दिव्याकडे एकदा पाहिले की ती सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणूनच आम्ही लाल कागद लावलेली विजेरी वापरतो. तो दिवा खाली गच्चीकडे वळवलेला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती, परंतु त्याचा अर्धा उजेड आकाशात जातो, आणि आकाशातून सौर बंबाच्या नळ्या फोडायला कोणी येत नाही.

श्री. जाधव, सचिव (सकाळी ९:१०)
हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.

श्री. जाधव, सचिव (सकाळी ९:१८)
पत्रे मिळाली आहेत. विषय विचाराधीन आहे.

श्री. मोरे, ए-७०४ (सकाळी ९:३५)
माझी एक सकारात्मक सूचना आहे. गणेशोत्सवाच्या निधीतून काही रक्कम शिल्लक आहे. त्यातून सोसायटीनेच दुर्बीण घ्यावी, म्हणजे कोणाची खासगी मक्तेदारी राहणार नाही. काल मला एक जाहिरात दिसली. ७० मिलिमीटरची दुर्बीण असून ती तब्बल ५२५ पट मोठे दाखवते. पाटील साहेबांची किती पट दाखवते?

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी ९:४४)
२५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ४८ पट आणि १० मिलिमीटरचा लावला की १२० पट. दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले आयपीसचे नाभीय अंतर, एवढेच गणित आहे. काल बहुतेक वेळ आम्ही ४८ वरच पाहत होतो, कारण दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते आणि जास्त पट लावले की गुरू उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखा थरथरतो.

श्री. मोरे, ए-७०४ (सकाळी ९:४७)
म्हणजे जाहिरातीतली चौपटीहून अधिक शक्तिशाली आहे. माझा मुद्दा सिद्ध झाला.

शेख सर, बी-३०२ (सकाळी १०:०५)
मोरे साहेब, मी वर्गात हाच धडा शिकवतो, म्हणून राहवत नाही. दुर्बिणीची ताकद पटींत नसून तिच्या तोंडाच्या व्यासात असते. चांगल्या हवेतसुद्धा व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण दोन पट हीच उपयोगाची मर्यादा आहे, म्हणजे ७० मिलिमीटरला फार तर १४० पट. त्यापुढे चित्र मोठे होते पण त्यात नवे काहीच दिसत नाही. ताकात पाणी घालत राहिल्यासारखे ते होते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो, म्हणून पाटील साहेबांच्या दुर्बिणीत मृगातील तेजोमेघ दिसतो. जाहिरातीतल्या दुर्बिणीची डुगडुगणारी तिपाई पाहिली, तर त्यात काही दिसण्याआधीच तारा निघून जाईल.

श्री. बापट, ए-२०१ (सकाळी १०:०७)
तिपाई. मी हेच सकाळपासून सांगतो आहे. ठेकेदाराचे पत्र पुन्हा एकदा सर्वांच्या माहितीसाठी टाकत आहे.

शेख सर, बी-३०२ (सकाळी १०:१६)
सोसायटीला घ्यायचेच असेल तर १०×५० च्या दोन चांगल्या द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्याव्यात असे माझे मत आहे. यातले १० म्हणजे पट आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. ५० ला १० ने भागले की ५ मिलिमीटर येतात, आणि तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ७×५० चा झोत ७ मिलिमीटरचा असतो, पण साठी ओलांडलेल्यांची बाहुली बहुधा तेवढी उघडत नाही आणि उरलेला प्रकाश वाया जातो. आपल्या समितीचे सरासरी वय पाहता १०×५० पुरेशी आहे. नुसत्या डोळ्यांनी मोजक्या दिसणाऱ्या कृत्तिका तिच्यातून डझनांनी दिसतात, कोपरे कठड्यावर टेकून हात स्थिर ठेवला तर गुरूचे चंद्रही दिसतात, चित्र सरळ दिसते आणि शिकवण्या लागत नाहीत. मुलांच्या हाती आधी हीच द्यावी. मोठी दुर्बीण आधी दुसऱ्याची पाहावी. त्यासाठी टिळक स्मारक मंदिरात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, आणि गच्चीवर पाटील साहेब आहेतच.

श्री. बापट, ए-२०१ (सकाळी १०:१९)
कठड्याचे प्लास्टर स्वतंत्रपणे तपासून घ्यावे लागेल.

सौ. केळकर, ए-५०३ (सकाळी १०:२५)
द्विनेत्रीतून चित्र सरळ दिसते आणि ती कुठेही रोखता येते, म्हणजे माझी काळजी कमी होण्याऐवजी वाढलीच की, शेख सर.

शेख सर, बी-३०२ (सकाळी १०:३१)
हे तुम्ही बरोबर पकडलेत. म्हणून ती समितीच्या कपाटात राहावी, नोंदवहीत सही करूनच मिळावी आणि मुलांसोबत एक मोठे माणूस असावे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्याही ठेवाव्यात, कारण आपल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते.

सौ. शिंदे, बी-१०४ (सकाळी १०:५२)
एवढे सगळे चालले आहे, तर रथसप्तमीला सकाळी दुर्बिणीतून सूर्यनारायणाचेच दर्शन मुलांना घडवावे. सणाला साजेसे होईल.

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी १०:५४)
वहिनी, हे कृपया कोणीही, कधीही करू नये, आणि हा एकच मुद्दा मी आज कठोर शब्दांत लिहितो. दुर्बिणीतून वा द्विनेत्रीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नसल्यामुळे जळताना समजतही नाही. सूर्यासाठी खास बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा लागतो. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये बसवायची काळी काच मिळते. तिच्यावर एकवटलेली उष्णता पडून ती तडकते, तेव्हा अशी काच घरात असेल तर ती आजच फेकून द्यावी. माझ्याकडे पुढचा फिल्टर नाही, त्यामुळे रथसप्तमीला दुर्बीण घरात कुलपात राहील.

सौ. शिंदे, बी-१०४ (सकाळी १०:५९)
बरे झाले विचारले. आमच्या मुलाच्या खेळण्यातल्या दुर्बिणीसोबत तशी एक काच आली आहे. ती टाकून देते.

श्री. मोरे, ए-७०४ (सकाळी ११:१०)
सूर्य नको तर मग कोजागरीला दूध आणि दुर्बीण असा संयुक्त कार्यक्रम ठेवू.

श्री. पाटील, बी-७०१ (सकाळी ११:२२)
दूध अवश्य ठेवा. दुर्बिणीसाठी मात्र पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. तेव्हा सूर्यप्रकाश चंद्रावर आपल्या पाठीमागून पडतो, त्यामुळे सावल्या राहत नाहीत आणि विवरे सपाट, चुना फासल्यासारखी दिसतात. चंद्र पाहावा तो अष्टमीला. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सूर्य नुकताच उगवत असतो, डोंगरांच्या लांब सावल्या पडतात आणि टॉलेमी, अल्फॉन्सस, अर्झाकेल ही एका ओळीतली तीन विवरे वाटीत बोट घालावे इतकी खोल वाटतात. योगायोगाने सोमवारी, २६ जानेवारीला, अष्टमीच आहे. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी चंद्र, आणि अंधार पडल्यावर पश्चिमेला शनी. त्याची कडी गेल्या वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे अगदी धारेने वळली होती, त्यामुळे ती अजून बारीक दिसते. मुलांनी चित्रातल्यासारख्या रुंद कडीची अपेक्षा धरू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो. मला फक्त अडीच तास अंधार हवा आहे.

श्री. जाधव, सचिव (दुपारी १२:४०)
अध्यक्षांशी दूरध्वनीवर बोलणे झाले आहे. २५ तारखेला महिला मंडळाच्या कार्यक्रमात फ्लडलाइट पूर्ण वेळ चालू राहील. २६ तारखेला संध्याकाळी ७ ते ९:३० तो बंद राहील, जिन्यातला दिवा मात्र चालू राहील. दिव्याचे तोंड खाली वळवण्यासाठी इलेक्ट्रिशियनला या आठवड्यात बोलावले आहे. दुर्बिणीचे तोंड सूर्यास्तापूर्वी ए विंगकडे करू नये. खरेदीचा विषय पुढील सभेत घेतला जाईल. गच्चीची चावी नोंदवहीत सही करून न्यावी; काल रात्रीची सही नाही, हे नमूद करतो.

श्री. पाटील, बी-७०१ (दुपारी १२:४६)
काल रात्री नोंदवहीच कपाटात कुलूपबंद होती, हेही नमूद करतो. उरलेल्या निर्णयाबद्दल आभार.

सौ. केळकर, ए-५०३ (दुपारी १:०५)
ठीक आहे. सासूबाई विचारत आहेत की त्या दिवशी वसिष्ठ आणि अरुंधती दिसतील का. लग्नात भटजींनी बोट दाखवले होते, तेव्हा त्यांनी न दिसताच मान डोलावली होती. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, जिना चढू शकतील.

श्री. पाटील, बी-७०१ (दुपारी १:१२)
वहिनी, सप्तर्षी त्या दिवशी साडेनऊपर्यंत ईशान्येला फार खाली असतील आणि आड समोरची इमारत येईल. त्यासाठी एप्रिलची संध्याकाळ उत्तम. ती जोडी द्विनेत्रीतून सहज सुटी दिसते, आणि दुर्बिणीतून पाहिले तर एकटा वसिष्ठसुद्धा दोन ताऱ्यांचा निघतो. आईंसाठी मी खुर्ची वर नेऊन ठेवीन.

श्री. बापट, ए-२०१ (दुपारी १:१५)
खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या आहेत का? शिवाय शिंदे वहिनींच्या कार्यक्रमात साठ खुर्च्या म्हणजे दोनशे चाळीस पाय होतात. ठेकेदाराचे पत्र पुन्हा टाकत आहे.