मदत हवी आहे: नामिबियात चालत सफारी, पण रात्री तंबूच नाही!

खडीसाखर:
शुक्रवारपर्यंत आगाऊ पैसे भरायचेत, त्यामुळे लवकर सांगा. नामिबरँड या वाळवंटातल्या अभयारण्यात तीन दिवस, दोन रात्री वाटाड्याबरोबर चालायचं. सामान गाडीने पुढे जातं, ते ठीक. पण काल कळलं, तंबू नाहीतच, उघड्यावर खाटा टाकतात! विंचवांचं काय? "आधी शोधून बघा" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

भटक्या_जोशी:
महिना कोणता? कोण कोण जाताय?

खडीसाखर:
महिन्याचा काय संबंध? विंचू बारा महिने असतात.

रानवारा:
झोपलोय मी तसा. खाटेवर काही चढलं नाही. खरी भानगड बुटांची. रात्री मोजे कोंबून ठेवायचे, सकाळी दोनदा आपटायचे. माझ्या बुटातून टॉकटॉकी किडा पडला. हा पोट जमिनीवर आपटून मादीला हाका मारतो, टकटकटक. विंचवाची शेपटी जाड आणि पुढचे चिमटे बारीक असतील तर लांब राहा.

महाडकर:
विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळ्या न्या! आमच्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर किती जीव वाचवलेत.

रानवारा:
अहो, ते आपल्या लाल विंचवासाठी. तिकडच्या पॅराब्युथस जातीच्या विंचवांचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर जातं. मनाने गोळ्या घेऊ नका.

महाडकर:
विंचू आम्हाला शिकवू नका.

सफरचंद:
त्यापेक्षा केनियातलं मसाई मारा करा, जुलै ते ऑक्टोबर. वाळवंटात बघायचं काय, वाळू?

भटक्या_जोशी:
ताई, महिना??

खडीसाखर:
जुलै. मी, नवरा आणि सासूबाई. वय ६८, रोज पर्वती चढतात. फक्त थंडीत गुडघे आखडतात.

भटक्या_जोशी:
हे आधी सांगायचं ना! जुलैत तिकडे हिवाळा. दुपारी टोपी, पहाटे पारा शून्याच्या आसपास. थंडीत विंचू फारसे हिंडत नाहीत, काळजी सासूबाईंच्या गुडघ्यांची करा. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी लेखी विचारा: अंथरूण किती उबेचं, आणि मधेच चालवेना तर गाडी येते का. गरम पाण्याची रबरी पिशवी घरून न्या. कालनिर्णय बघून अमावास्या गाठा, तारे छान दिसतील; २०१२ पासून नामिबरँड आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्र आहे. वृश्चिक रास जुलैत रात्री थेट डोक्यावर येते, तेवढा विंचू मात्र चुकणार नाही.

सफरचंद:
मारात तंबू असतात.

खडीसाखर:
सासूबाईंना वाचून दाखवलं. कानटोपी विणायला घेतलीय. त्या विचारतात, रात्री उठायची वेळ आली तर जायचं कुठे?

रानवारा:
आमच्याकडे वीसेक पावलांवर आडोसा होता, वर छप्पर नाही. टॉर्च घ्यायचा, बूट घालून जायचं. आधी आपटून.