जुन्या लॅन कार्डावर शेअर फोल्डरची कॉपी रखडते

प्रश्न (म्हापसा)
फोटो स्टुडिओत चार पीसी. फाइली एका जुन्या कोअर टू ड्युओ मशीनवर (आमचा सर्व्हर) शेअर केल्या आहेत, त्यात रिअलटेक ८१६९ गिगाबिट पीसीआय कार्ड. एडिटिंगच्या पीसीत रिअलटेक ८१३९, म्हणजे १०० एमबीपीएसचं (सेकंदाला मेगाबिट). मध्ये आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच. दीड जीबीची व्हिडिओ फाइल पाठवायला १० मिनिटं लागतात, पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तराची वेळ मोजणं) मात्र १ मिलिसेकंदाच्या आत. ८१३९ ला ‘१०० फुल ड्युप्लेक्स’ (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा) पक्कं ठेवलंय. केबल बाहेरच्या चिऱ्यांच्या भिंतीवरून वरच्या मजल्यावर जाते. कार्ड बदलू का?

उत्तर (पणजी)
थांबा, आधी ती सेटिंग काढा. स्पीड पक्का केला की जुनी कार्डं सहसा निगोशिएशनच, म्हणजे दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं, बंद करतात. मग स्विचला फक्त १०० चा वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही, आणि नियमानुसार तो हाफ ड्युप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जातो. पिंगचं पॅकेट एकटंच असतं, म्हणून निभावतं. कॉपीत मात्र एकीकडून डेटा आणि दुसरीकडून पोच एकाच वेळी निघते; स्विचला ती टक्कर वाटते आणि फ्रेम (तारेवरचा डेटाचा तुकडा) अर्धवट तुटते. डिव्हाइस मॅनेजर, कार्डाच्या प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, तिथे ‘ऑटो निगोशिएशन’ करा.

मग आयपर्फ ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) दोन्ही दिशांनी ३० सेकंद चालवा. यात डिस्क येत नाही, फक्त तार आणि कार्ड. ९४ एमबीपीएसच्या आसपास आलं तर ८१३९ कडून मिळायचं तेवढं मिळालं. फाइल कॉपीत ते सेकंदाला ११ एमबी (मेगाबाइट; आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे तुमची फाइल सव्वादोन मिनिटांत.

उत्तर (फोंडा)
केबलकडेही बघा. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत प्लगच्या पिना हिरवट पडतात. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ याच पिना लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून ४ किंवा ७ गंजली की गिगाबिट कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतं आणि कुठे चूक दिसत नाही. सर्व्हरचा लिंक स्पीड १ जीबीपीएस दाखवतो का पाहा.

प्लग पुसत बसू नका, कापून नवा क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा). रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ३ आणि ६ वर एकाच पिळाची जोडी हवी. जोड्या सरळ ओळीने लावल्या तरी टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण क्रॉसटॉकने (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळल्याने) कॉपी मरते. तार ब्लेडने खरवडा; आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, ती बदलाच. भिंतीबाहेर जेल भरलेली आउटडोअर केबल वापरा.

प्रश्नकर्ता
ऑटो केलं, दोन्ही प्लग बदलले. आयपर्फ ९४, व्हिडिओ ११ एमबीने जातो. पण जेपेग फोटोंचा फोल्डर अजून ३ एमबीवरच.

उत्तर (पणजी)
ते कार्डाचं दुखणं नाही. प्रत्येक फाइलमागे उघडणं, लिहिणं, बंद करणं अशा फेऱ्या होतात, वर अँटिव्हायरसची तपासणी. रोबोकॉपीत (विंडोजची कॉपीची कमांड) एमटी पर्याय लावून ८ थ्रेड द्या, म्हणजे अनेक फाइली एकदम जातील, किंवा कॉम्प्रेस न करता एकाच झिपमध्ये पाठवा. जंबो फ्रेमच्या (१५०० बाइटपेक्षा मोठ्या फ्रेम) वाटेला जाऊ नका. ८१३९ ला त्या झेपत नाहीत. सगळीकडे १५०० ठेवा.

त्याहून वेग हवा तर एडिटिंगच्या पीसीत पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड घाला, स्लॉट आहे का बघून. ८१३९ मध्ये प्रत्येक पॅकेटसाठी प्रोसेसरला जास्तीची कॉपी करावी लागते, तोही भार जाईल. सर्व्हरचं ८१६९ चालेल, पण पीसीआय बसचे (कार्डं जोडणारा मदरबोर्डवरचा मार्ग) कागदोपत्री सेकंदाला १३३ एमबी सगळ्या पीसीआय कार्डांत वाटले जातात, त्यामुळे १०० एमबीची आशा धरू नका. एखादा पीसी विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेला तर तो एसएमबी साइनिंग (शेअर फोल्डरच्या प्रत्येक संदेशावर खातरजमेची सही) सक्तीचं करतो. कोअर टू ड्युओत एईएसच्या (त्या सहीचं गणित वेगाने करणाऱ्या) सूचना नसल्याने गिगाबिटवर प्रोसेसर आधी दमेल. तरी साइनिंग बंद करू नका, मशीन बदला.