व्हॅल्युएशन रिपोर्टात कारणं किती लिहायची?

शहापूरकर: वडगावातल्या घराची किंमत ठरवणारा रिपोर्ट आला, दोन पानं, खाली नुसता आकडा. लोनसाठी एवढं चालतंय काय ओ?

निपाणीवाला: बँक घेईल हो, पण भाव कुठनं आला ते नको काय? जवळच्या दोन-तीन खरेद्या, त्यांची तारीख, आपलं घर बोळात म्हणून किती कमी धरलं, एवढं तरी पाहिजेच. नुसती सब-रजिस्ट्रारची गायडन्स व्हॅल्यू, म्हणजे नोंदणीसाठीचा सरकारी दर, उतरवली असंल तर बाजारभाव न्हवं तो.

खानापूरकर: माझा रिपोर्ट चाळीस पानी, त्यात बेळगावचा इतिहास, हवामान सगळं, आणि गुंठ्याचे चौरस फूट 1089 ऐवजी 1000 धरलेले! उताराही कन्नडात, मापं स्वतःच ताडून बघा.

शहापूरकर: बरं, उद्या विचारतो. इतिहास नको म्हणतो.