मदत हवी आहे: केसाळ अळ्या, विषारी आहेत का? लवकर सांगा

जुळेसोलापूरकर: अंगणात अळ्यांचा नुसता पुंजका झालाय. तपकिरी, बोटाएवढ्या, अंगभर लांब भुरके केस. घरात तीन वर्षांची पोरगी आहे. आजच उत्तर पाहिजे. फोटो टाकलाय.

रानपाखरू: फोटो दिसत नाही. भिंतीवर आहेत की झाडावर? कुठलं झाड?

बंड्या: घोणस अळीच ओ! 2022 ला तिकडं आष्टीत शेतकऱ्यांना लागली होती. गवतात पाय टाकू नका.

रानपाखरू: बंड्या, घोणस अळी बुटकी, हिरवट-पिवळी. तिला केस नसतात, काटे असतात, पोकळ, आत विष. तेव्हासुद्धा व्हॉट्सॲपवरच माणसं मेली.

चादरवाला: रेशमाची असेल. पाळा की.

जुळेसोलापूरकर: मस्करी नको. सकाळी शेंगा काढताना आईचा हात लागला, मनगटावर सगळं पुरळ उठलंय.

रानपाखरू: शेंगा म्हणजे शेवगा ना? हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ओ! मग ही शेवग्यावरची केसाळ अळी, युप्टेरोटे मोलिफेरा. पतंगाचा सुरवंट. दिवसा खोडाला चिकटून गर्दी करते, रात्री वर चढून पाला खाते. चावत नाही, पण केस कातडीत रुततात, त्याची खाज. चोळू नका. चिकटपट्टी हलकेच दाबायची, ओढायची, दर वेळी नवा तुकडा. मग साबणाच्या पाण्यानं धुवा, बर्फ लावा. केस डोळ्यात गेला किंवा धाप लागली तर सरळ दवाखाना.

मंगळवेढेकर: आमची आजी घोंगडी फिरवायची. पट्टीबिट्टी काही लागत नाही.

रानपाखरू: घासलं की केस आणखी आत जातात.

मंगळवेढेकर: आम्ही काय मेलो का? बरं, अळ्यांना पलिता दाखवा. काठीला रॉकेलचं फडकं, पेटवून खोडावरून फिरवायचं. पाच मिनिटांत साफ.

आक्काची_बाग: रॉकेल मिळतं कुठं आता? आणि शेवग्याची साल भाजली तर झाड बसेल. लांब झाडूनं साबणपाण्याच्या बादलीत पाडा. पूर्ण बाह्या घाला, नाकाला रुमाल बांधा. खालची माती उकरा, कोष तिथंच होतात. विषारी औषध मारू नका, पाला आणि शेंगा तुम्हीच खाणार आहात.

बंड्या: चातक असले सुरवंट आवडीनं खातो म्हणे. पाऊस आला की येतोच.

जुळेसोलापूरकर: चातकाची वाट बघत बसू का बे?

चादरवाला: शेंगा जास्त झाल्या असतील तर सांगा. होटगी रोडला आहे, येऊन नेतो. शेंगदाण्याचं कूट घालून आमटी एक नंबर होते.

जुळेसोलापूरकर: पट्टीनं केस निघाले. उजेडात धरली तर पट्टीवर सोनेरी कुसळं दिसली, मोजून चौदा. आईची आग कमी आहे. आत्ता बॅटरी मारून बघितलं, खोडावरचे निम्मे खरंच वर निघालेत. झाडू सकाळी. चादरवाले, शेंगा न्या, पण तुम्हीच काढायच्या.